लहान देश, मोठे शेजारी आणि बडोद्याची बांयधरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर गेले काही महिने नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव यांच्यावर बोलणं चाललंय. बोलायला मी उभा राहतो खरा, पण मंडळी मला बोलू देतात कमी आणि विचारतात जास्त. शिवाय तेच प्रश्न नव्या माणसाकडून पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी इतिहासाचा माणूस आहे, परराष्ट्र खात्याचा नव्हे. त्यामुळे गाडी अधूनमधून गायकवाडीकडे वळेल, त्याला इलाज नाही.

लहान देश म्हणजे नेमका कोणता? नेपाळची लोकसंख्या तर कोट्यवधींत आहे.

लहानपणा शेजाऱ्यावरून ठरतो. एकटा पाहिला तर नेपाळ लहान नाही, पण एका बाजूला भारत आणि दुसऱ्या बाजूला चीन ठेवून पाहा. पृथ्वीनारायण शहांनी अठराव्या शतकातच आपल्या राज्याला दोन दगडांमधल्या तरुळाची, म्हणजे कंदाची, उपमा दिली होती. नेपाळी राजकारणी आजही भाषणात ती वापरतात. मालदीव मात्र कुठूनही पाहा, लहानच: पाचेक लाख वस्ती आणि चारी बाजूंना समुद्र. माझी साधी कसोटी अशी आहे. शेजारच्या राजधानीत एक सही झाली आणि तुमच्या स्वयंपाकघरातला गॅस महागला, तर तुम्ही लहान.

तुम्ही प्रत्येक गोष्ट बडोद्यावर का आणता? संस्थान म्हणजे काही देश नव्हे.

नव्हताच. पण बाहेरची सत्ता घरात शिरते कशी, हे शिकायला बडोद्याइतकी चांगली शाळा मला तरी माहीत नाही.

आपल्या बाजारात दुकानदार गुजरातीत हमीला 'बांयधरी' म्हणतो. बांय म्हणजे बाहू, आणि बांयधरी म्हणजे हात धरणे. हा शब्द एकेकाळी राज्यकारभाराचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस गायकवाडांच्या दरबारात कोणी कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हतं. राज्याला कर्ज द्यायचं, पण ते बुडालं तर काय? सरदाराला अभय मिळालं, पण ते टिकेल का? मग तिसऱ्या माणसाची हमी घ्यायची. ही हमी बराच काळ अरब शिबंदीचे जमादार देत. त्यांच्या हातात बंदुका होत्या आणि शिबंदीचा पगार नेहमीच थकलेला असे, त्यामुळे त्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती होत नसे.

गादीवर आनंदराव होते आणि ते दुबळे होते. त्यांचे भाऊबंद कान्होजी आणि कडीचे मल्हारराव (हे पुढचे मल्हारराव महाराज नव्हेत) यांच्याशी भांडण पेटलं, तेव्हा दिवाण रावजी आप्पाजींनी कंपनीला बोलावलं. 1802 मध्ये मेजर वॉकर फौजेसह आले. कंपनीनं अरबांना हटवलं, पण त्यांच्या हमीची प्रथा मोडली नाही, ती स्वतःकडे घेतली. आता सावकाराचं कर्ज आणि सरदाराचं वतन कंपनीच्या हमीवर उभं राहिलं. खुद्द रावजींच्या घराण्याची दिवाणगिरीसुद्धा. विचार करा, ज्या दिवाणाची नोकरी महाराज काढून घेऊ शकत नाहीत, तो दिवाण कोणाचा?

हीच बांयधरी 1815 मध्ये पंढरपूरपर्यंत पोचली. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीच्या हमीवर पेशव्यांशी हिशेबाची बोलणी करायला गेले होते. तिथं त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला आणि हमी मोडली म्हणून कंपनीनं पेशव्यांच्या मानगुटीवर हात ठेवला. एका संस्थानाच्या अंतर्गत हमीचा धागा पेशवाईच्या शेवटाला असा जाऊन मिळतो.

आजच्या लहान देशांकडे पाहताना मी हीच बांयधरी शोधतो. आत कोणाचा कोणावर विश्वास उरलेला नाही आणि कोण कोणासाठी बाहेरची हमी मागतोय, तेवढं पाहायचं.

हे बडोद्यापुरतंच असेल. जगात दुसरीकडे असं झालं का?

क्यूबात तर ते राज्यघटनेतच लिहिलं गेलं. स्पेनची सत्ता गेल्यावर अमेरिकेनं 1901 मध्ये प्लॅट दुरुस्ती लादली, आणि क्यूबाच्या कारभारात फौज घेऊन उतरायचा हक्क स्वतःकडे ठेवला. परिणाम काय झाला? 1906 मध्ये निवडणुकीवरून विरोधकांनी बंड केलं, कारण गोंधळ वाढला की अमेरिका येईल हा त्यांचा हिशेब होता. अध्यक्ष एस्त्रादा पाल्मा यांनी तडजोड करण्याऐवजी स्वतःच अमेरिकेला बोलावलं आणि राजीनामा देऊन मोकळे झाले. अमेरिका 1909 पर्यंत राज्य करत बसली. बाहेरचा पंच दाराशी उभा असला की आपसात मिटवायची गरजच कोणाला वाटत नाही.

मल्हारराव महाराजांनी खरंच रेसिडेंटवर विषप्रयोग केला का?

हा प्रश्न दर शनिवारी येतो आणि विचारणारा बहुधा सोन्याच्या तोफांपासून सुरुवात करतो. हो, सोन्याच्या तोफा त्यांनीच ओतवल्या. त्यांचा कारभार वाईट होता, हेही खरं. आधीच्या खंडेराव महाराजांच्या माणसांना त्यांनी छळलं, सावकार नाडले, आणि हे सगळे गाऱ्हाणं घेऊन रेसिडेन्सीत जाऊन बसू लागले. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज प्रतिनिधी, कर्नल फेयर यांना तेच हवं होतं.

घटनांचा क्रम पाहा. दिवाण म्हणून दादाभाई नवरोजी आले, फेयरना ते नको होते. 2 नोव्हेंबर 1874 ला महाराजांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून फेयरना हलवा अशी मागणी केली. 9 नोव्हेंबरला सकाळी फिरून आलेल्या फेयरना पपनसाच्या सरबतात काहीतरी दिसलं. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. खलित्याला आठवडाच झाला होता. फेयर पुढे बडोद्याहून गेले, पण जानेवारीत महाराजांनाही अटक झाली.

चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन देशी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. महाराजांच्या बाजूनं लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले दोषी, तिघा देशी सभासदांना गुन्हा सिद्ध झालेला दिसला नाही. आता काय करायचं? सरकारनं विषाचा मुद्दा बाजूला ठेवला आणि एप्रिल 1875 मध्ये गैरकारभाराच्या कारणावरून महाराजांना गादीवरून काढून मद्रासला पाठवलं.

विष कोणी घातलं, यावर मी मत देत नाही. मला रस आहे तो कारण बदलण्यात. काढायचं आधी ठरलेलं असलं की एक कारण टिकलं नाही तर दुसरं तयार असतं. आणि दुसरं कारण महाराजांनी स्वतःच पुरवून ठेवलं होतं.

मोठा देश दबाव आणतो म्हणजे प्रत्यक्षात काय करतो? फौज पाठवतो?

फौज क्वचित. बहुतेक वेळा नाक्यावरचा ट्रक थांबतो.

भूतानचं घ्या. 2013 च्या जुलैत मतदानाला दोन आठवडे उरले असताना रॉकेल आणि स्वयंपाकाच्या गॅसवरचं भारताचं अनुदान थांबलं. आधीच्या वर्षी भूतानचे पंतप्रधान रिओमध्ये चिनी पंतप्रधानांना भेटले होते. दिल्लीचं म्हणणं, योजनेची मुदत संपली, इतकंच. पहिल्या फेरीत पुढे असलेला सत्ताधारी पक्ष हरला आणि विरोधकांना 47 पैकी 32 जागा मिळाल्या. गॅसमुळेच हरला असं मी म्हणणार नाही, पण प्रचारात गॅस होता.

मंगोलियाचं उदाहरण आणखी कोरडं आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये दलाई लामा तिथं गेले. चीननं कर्जाची बोलणी पुढे ढकलली आणि सीमेवर मालाच्या ट्रकांवर जादा शुल्क लावलं. डिसेंबरात मंगोलियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगून टाकलं की हे सरकार असेपर्यंत दलाई लामांना पुन्हा बोलावणार नाही. कुठं गोळी झाडली गेली नाही.

नाकेबंदी केली की लहान देश वाकतोच ना?

कधी वाकतो, कधी उलटतो. नेपाळमध्ये दोन्ही झालं.

मार्च 1989 मध्ये व्यापार आणि पारगमनाचे (भारतातून माल नेण्या-आणण्याचे) करार संपले आणि भारतानं बहुतेक नाकी बंद केली. नेपाळनं आदल्या वर्षी चीनकडून शस्त्रं घेतली होती, ही मागची चीड. त्या वेळी राजाच्या पंचायती राजवटीवर लोक आधीच चिडलेले होते. रॉकेलच्या रांगेत उभं राहून ते राजावर आणखी चिडले. एप्रिल 1990 मध्ये राजे वीरेंद्रांना पक्षांवरची बंदी उठवावी लागली.

2015 चा प्रसंग वेगळा. एप्रिलमध्ये भूकंप झालेला, सप्टेंबरात नवी घटना जाहीर झाली, तराईतले, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाटीतले, मधेशी नाराज, रक्सौल-वीरगंज नाका अडला. भारताचं म्हणणं होतं की अडवणूक आंदोलकांची आहे. काठमांडूत मात्र पेट्रोल संपलं आणि लोक चुलीवर स्वयंपाक करू लागले. या खेपेला राग दिल्लीवर गेला. पंतप्रधान के. पी. शर्मा ओलींनी तो नीट गोळा केला. मार्च 2016 मध्ये बीजिंगला जाऊन पारगमनाचा करार केला आणि 2017 च्या निवडणुकीत डाव्या आघाडीनं 275 पैकी 174 जागा जिंकल्या. घटनेत ज्या मधेशींना जागा हवी होती, त्यांची बाजू 'बाहेरच्यांची' ठरून अधिकच दुबळी झाली. दाब एकाच जातीचा, पण 1989 मध्ये लोकांचं भांडण राजाशी होतं आणि 2015 मध्ये राष्ट्राभिमानाची लाट होती. फळ वेगळं आलं.

गंमत पुढे आहे. चीनशी करार झाला, पण सप्टेंबर 2019 मध्ये पेट्रोलजन्य मालाची पहिली वाहिनी सुरू झाली ती मोतिहारी ते अमलेखगंज, म्हणजे भारतातूनच. भूगोल भाषणाला बधत नाही.

कतार कसा टिकला मग?

पैशावर. 5 जून 2017 ला सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्तनं संबंध तोडले आणि 13 मागण्या ठेवल्या. अल जझीरा बंद करा, तुर्कस्तानचा तळ हटवा, वगैरे. कतारनं तुर्कस्तान आणि इराणकडून धान्य-भाजी आणली, दुधासाठी विमानानं गाई आणल्या. (हे सांगितल्यावर कट्ट्यावर पाच मिनिटं गाईच्या तिकिटावर चर्चा झाली.) जानेवारी 2021 मध्ये नाकेबंदी उठली तेव्हा मागण्या तशाच पडून होत्या. पण कतारकडे नैसर्गिक वायू होता, अमेरिकेचा मोठा तळ होता, आणि आत अमीराविरुद्ध उभा राहणारा कोणी नव्हता. नेपाळकडे यातलं काहीच नाही.

मालदीवच्या मुइज्जूंनी 'इंडिया आउट' म्हणत निवडणूक जिंकली आणि वर्षभरात दिल्लीला आले. हा दुटप्पीपणा नाही का?

मला तो धंदेवाईक शहाणपणा वाटतो. सप्टेंबर 2023 मध्ये ते जिंकले. दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान सांभाळणारे सुमारे 80 भारतीय सैनिक मे 2024 पर्यंत परत गेले, पण विमानं तिथंच राहिली आणि ती चालवायला भारतीय तंत्रज्ञ आले. मतदाराला वर्दी गेलेली दिसली, रुग्णाला बेटावरून न्यायला विमानही राहिलं. ऑक्टोबर 2024 मध्ये परकीय चलनाची तंगी आली, तेव्हा दिल्लीतून 40 कोटी डॉलर आणि 3000 कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची सोय मिळाली. जुलै 2025 च्या स्वातंत्र्यदिनाला भारताचे पंतप्रधान पाहुणे होते.

लग्नात भांडणारा मामा जेवणाच्या पंगतीला सगळ्यात पुढे असतो, आपण पाहिलेलं आहे.

श्रीलंकेला चीननं कर्जाच्या सापळ्यात अडकवलं, एवढं तरी मान्य करा.

अर्धं मान्य. हंबनटोटा बंदराचा हट्ट महिंदा राजपक्षांचा, त्यांच्याच जिल्ह्यातलं ते बंदर. 2017 मध्ये नंतरच्या सरकारनं ते 99 वर्षांच्या करारानं चिनी कंपनीला दिलं. मिळालेले 112 कोटी डॉलर परकीय गंगाजळीत गेले, बंदराचं कर्ज त्यानं फिटलं नाही. देशाच्या बाहेरच्या कर्जात सर्वांत मोठा वाटा चीनचा नव्हता, आंतरराष्ट्रीय बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. त्यात 2019 ची करकपात, कोविडमध्ये आटलेलं पर्यटन, आणि 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात घातलेली बंदी. एप्रिल 2022 मध्ये देशानं हात वर केले, जुलैत गोटाबाय राजपक्ष पळाले. खतावरची बंदी बीजिंगनं सांगितली नव्हती.

मोठ्याच्या शेजारी राहून मान राखलेला एखादा देश सांगा.

फिनलंड. पण मान राखताना काय मोजलं, तेही पाहा. 1939-40 च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजेशी लढला, मुलूख गमावला, पण ताब्यात गेला नाही. युद्धाची भरपाई 1952 पर्यंत फेडली. 1948 मध्ये मैत्री करार केला आणि ठरवलं की मॉस्कोला भीती वाटेल असं काही करायचं नाही. बदल्यात निवडणुका, बाजार, न्यायालयं आपली राहिली.

आता बांयधरी बघा. 30 ऑक्टोबर 1961 ला मॉस्कोहून खलिता आला: लष्करी सल्लामसलत करू या. अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर होती. अध्यक्ष केक्कोनेन सायबेरियात जाऊन ख्रुश्चेव्हना भेटले आणि प्रकरण मिटवून आले. तोवर त्यांचे प्रतिस्पर्धी होन्का यांनी उमेदवारी मागे घेतलेली होती. मॉस्कोला सांभाळणारा एकच माणूस, अशी ख्याती झाली. 1973 मध्ये तर संसदेनं खास कायदा करून निवडणूक न घेताच त्यांची मुदत चार वर्षं वाढवली. वर्तमानपत्रं सोव्हिएत संघावर जपून लिहीत. केक्कोनेन 1956 ते 1982 अध्यक्ष राहिले. देश वाचवला म्हणून त्यांना मानणारे आणि बाहेरच्या भीतीवर स्वतःची खुर्ची शेकली म्हणून नाक मुरडणारे, दोघंही बरोबर आहेत असं माझं मत. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर एप्रिल 2023 मध्ये फिनलंड नाटोत गेला.

अगदी चिमुकले देश काय करतात?

आपल्याकडे आहे ते विकतात. नाउरू म्हणजे 21 चौरस किलोमीटर, पण संयुक्त राष्ट्रांत एक मत. त्यांनी तैवानला मान्यता दिली 1980 मध्ये, चीनकडे गेले 2002 मध्ये, परत तैवान 2005 मध्ये, पुन्हा चीन जानेवारी 2024 मध्ये. जिबूतीनं मोक्याच्या जागेचं भाडं लावलंय. अमेरिका, फ्रान्स, जपान, इटली आणि 2017 पासून चीन, सगळे भाडेकरू एकाच चाळीत.

प्रत्येक आंदोलनामागे परदेशी हात असतो का?

नाही. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत तरुण रस्त्यावर आले ते समाजमाध्यमांवरच्या बंदीमुळे आणि नेत्यांच्या भ्रष्टाचारामुळे. ओलींना जावं लागलं, सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे एकजण सेव-उसळ खाता खाता यामागे कोणती गुप्तचर संस्था आहे ते सांगत होते. ज्यांची पोरं मेली त्यांना बाहुल्या ठरवणं मला जमत नाही.

सयाजीराव महाराजांनी इंग्रजांना कसं सांभाळलं?

खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतलेला कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ इंग्रजांच्या संमतीनंच गादीवर आला. म्हणजे सुरुवात बांयधरीतूनच. पण मल्हाररावांचं प्रकरण त्यांनी नीट वाचलं असावं. गैरकारभाराचं कारणच ठेवायचं नाही, हा त्यांच्या राज्याचा कणा दिसतो. सक्तीचं प्राथमिक शिक्षण अमरेलीत 1893 मध्ये, राज्यभर 1906 मध्ये. बँक ऑफ बडोदा 1908 मध्ये. हिशेब चोख ठेवला की रेसिडेंटला बोट ठेवायला जागा उरत नाही.

त्या आडोशानं त्यांनी बरंच काही केलं. अरविंद घोष इथं 1893 ते 1906 नोकरीत होते. 1911 च्या दिल्ली दरबारात महाराज एकदाच लवले आणि बादशहाकडे पाठ करून चालू लागले. मोठा गहजब झाला, आणि मग त्यांनी दिलगिरीचं पत्र पाठवलं. आमच्यातल्या काहींना ते पत्र आवडत नाही. मला आवडतं. पाठ दाखवली ती लोकांनी पाहिली, पत्र व्हाइसरॉयकडे गेलं, राज्य राहिलं. काळ्या घोड्यापाशी, म्हणजे महाराजांच्या पुतळ्यापाशी, गेलात की या पत्रासाठीही एक नमस्कार करा.

इंदूर, ग्वाल्हेरचं काय? तिथंही मराठी राज्यच होतं.

थोडक्यात सांगतो, इंदूरकर रागावतील. ग्वाल्हेरला 1843 मध्ये जनकोजीराव वारल्यावर मामासाहेब आणि दादा खासगीवाले यांच्यात कारभारावरून चुरस लागली. इंग्रजांचा कल मामासाहेबांकडे होता. डिसेंबरात महाराजपूर आणि पन्यार इथं एकाच दिवशी दोन लढाया झाल्या आणि ग्वाल्हेरची फौज छाटली गेली. इंदूरच्या तिसऱ्या तुकोजीरावांसमोर बावला खून प्रकरणानंतर (मुंबईतल्या एका व्यापाऱ्याचा खून, संशय इंदूर दरबाराच्या माणसांवर) चौकशी कमिशन किंवा गादी सोडणं हे दोनच पर्याय ठेवले गेले, त्यांनी 1926 मध्ये गादी सोडली. मल्हाररावांच्या कमिशनची आठवण दोन्ही बाजूंना असणारच.

आपण तर मोठा शेजारी आहोत. आपल्याला याचं काय?

म्हणूनच जास्त आहे. आपण घरात मल्हाररावांसाठी हळहळतो आणि काठमांडूची बातमी आली की फेयरसाहेबांच्या खुर्चीत जाऊन बसतो. भूतानबरोबरच्या 1949 च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला मानायचं कलम होतं. 2007 मध्ये आपण ते बदललं. त्यानंतर दहा वर्षांनी डोकलामला चीनशी 73 दिवस पेच चालला, आणि भूतान आपल्या बाजूनंच राहिला.

तुमचा हा बांयधरीचा सिद्धांत कुठं फसतो?

बेल्जियममध्ये फसतो. 1914 मध्ये जर्मनीनं वाट मागितली, बेल्जियमनं नाही म्हटलं, आत कोणी दार उघडलं नव्हतं तरी फौज आली. तोफ पुरेशी मोठी असली की दिवाण लागत नाही.

पण कुवेत बघा. 1986 पासून तिथली संसद बरखास्त होती आणि विरोधक अमीरावर चिडलेले होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकनं देश गिळला आणि कुवेतींचं म्हणून एक सरकार उभं केलं. नाव घ्यावा असा एकही कुवेती नेता त्यात यायला तयार झाला नाही, काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. ऑक्टोबरात जेद्दाला विरोधक आणि राजघराणं एकत्र बसले. विरोधकांनी अमीराला पाठिंबा दिला आणि बदल्यात संसद परत मागितली. 1992 मध्ये तिची निवडणूक झाली. सद्दामला कुवेतमध्ये रावजी आप्पाजी सापडला नाही.